परिपाठाची बातमी कुठून आणशील?

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस ना, की परिपाठाला मुलं ज्या बातम्या वाचतात त्यातल्या बऱ्याचशा व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या असतात, तेव्हापासून तुझ्याशी नीट बोलायचं मनात होतं. माळशिरसकडची शाळा मिळाली, सहावी-सातवीचा भूगोल तुझ्याकडे आला, ते छानच झालं. पण सकाळी मोबाइल उघडावा तर केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, टाचणांच्या पीडीएफ, त्यातच कुठली तरी जुनी बातमी ‘आत्ताच आलेली’ म्हणून फिरतेय. त्या ढिगातून मुलांपुढे ठेवण्याजोगं काही शोधण्यात तुझा जीव दमतो. बाई, ते शोधणंच सोड. ज्या जागांवर तुझा भरवसा आहे, तिथलं नवं लिखाण आपणहून तुझ्याकडे येऊ दे.

त्यासाठी फीड रीडरची सोय आहे, आणि ती 1999 पासून आहे. बऱ्याच वेबसाइट आपल्या नव्या मजकुराची एक यादी तयार ठेवतात: मथळा, तारीख, थोडका सारांश, मूळ लेखाची लिंक. हीच आरएसएस फीड. रीडर ॲप अधूनमधून त्या याद्या तपासतं आणि जे नवं असेल तेवढं तुझ्यापुढे तारखेनुसार मांडतं. मध्ये कुणी फॉरवर्ड करणारा नाही. थेट मूळ ठिकाणाहून येतं, आणि कुणाचं घ्यायचं ते तूच ठरवतेस.

अँड्रॉइडवर ‘फीडर’ नावाचं साधं, मोफत ॲप आहे, त्यात खातंही काढावं लागत नाही. वर्डप्रेसवर चालणारी साइट असेल तर तिच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहिलं की बहुधा काम होतं. वस्तीवर रेंज मिळत नसेल तर गावात असतानाच सगळं उतरवून घे, मग निवांत वाच. आणि एक कर, जोडलेल्या जागांची यादी ओपीएमएल फाइलमध्ये काढून ठेव. गूगलचा रीडर 1 जुलै 2013 ला बंद झाला, तेव्हा ज्यांनी ही फाइल काढून ठेवली होती त्यांना नव्या ठिकाणी बसायला वेळ लागला नाही.

आता काय जोडायचं? थोडंच. बीबीसी मराठी, नासाचं रोजचं छायाचित्र, आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची भूकंपांची फीड. या तिसऱ्यासाठी मी तुझ्या मागेच लागणार आहे.

त्यात 4.5 आणि त्याहून मोठ्या भूकंपांची वेगळी फीड मिळते. जगभरात असे धक्के रोज साधारण दहा-वीस तरी बसतात. प्रत्येक नोंदीत भूकंप किती मोठा, कुठल्या गावापासून किती किलोमीटरवर, कुठल्या दिशेला, किती खोल, किती वाजता, एवढं सगळं असतं. मुलांना रोज त्यातल्या दोन-तीन नोंदी दे. एकाने अक्षांश-रेखांश वाचायचे, दुसऱ्याने भिंतीवरच्या नकाशावर टिकली लावायची. तू काही सांगू नकोस. थोड्या आठवड्यांत पॅसिफिक महासागराभोवतीचं कडं त्यांचं त्यांनाच दिसायला लागेल, आणि भूपट्टांचा धडा येईल तेव्हा वर्ग तुझ्या पुढे धावेल. फिजी-टोंगाकडे पाचशे किलोमीटरपेक्षा खोल धक्के का बसतात, हेही कुणीतरी विचारेलच.

मग त्यांना किल्लारीच्या भूकंपापाशी आण. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आपल्या सोलापूर जिल्ह्यातही घराघरांतून माणसं उठून बाहेर आली होती; मुलांना म्हणावं, आज्जी-आजोबांना विचारून या. पण जागतिक नोंदीत हाच भूकंप 29 सप्टेंबरचा दिसतो. का? साडेपाच तास वजा करायला लाव. रात्रीचे 10 वाजून 26 मिनिटं, आदल्या दिवसाचे. प्रमाणवेळेचा आख्खा पाठ तिथे होऊन जातो, आणि मुलांना तो आयुष्यभर आठवतो. शिवाय त्यांच्या लक्षात येईल की किल्लारीची टिकली त्या कड्यापासून, पट्टांच्या कडांपासून फार लांब पडते. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा भूकंपही तसाच. हा प्रश्न मुलांच्या तोंडून येऊ दे, घाईनं उत्तर देऊ नकोस.

आपल्या शेजारच्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, 2020 चं ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळालं. बक्षीस मोठंच, पण मला मोलाचं वाटतं ते हे, की कोडच्या पलीकडे मुलाला काय मिळणार, ते शिक्षकानं आधी निवडलेलं होतं. तूही तेवढं पाळ. स्वतः वाचल्याशिवाय एकही मजकूर वर्गात नेऊ नकोस, रीडर मुलांच्या हाती सोडू नकोस. इंग्रजी नोंद असेल तर तुझ्या शब्दांत दोन ओळी मराठीत कर, आणि फळ्याच्या कोपऱ्यात कुठून घेतलं ते लिही. मुलं पुढं फॉरवर्ड आलेलं वाचताना ‘कुठून घेतलं?’ असं विचारायला लागली, की तुझं काम झालं असं समज.

रीडरमध्ये न वाचलेल्या नोंदींचा आकडा वाढत जाईल, त्याचं दडपण घेऊ नकोस. सगळं वाचलं अशी खूण कर आणि पुढे जा. ज्या जागेचं महिनाभर काहीच कामी आलं नाही, ती काढून टाक.

आणखी एक मनातलं सांगते. आषाढात माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत जाते, सदाशिवनगरला रिंगण होतं. तेव्हा मुलांनी स्वतः पाहिलेलं लिहावं आणि शाळेच्या ब्लॉगवर ठेवावं. ब्लॉगरवर ब्लॉग काढलास तर त्याची फीड आपोआप तयार होते. मग दुसऱ्या तालुक्यातली शाळा तुमचं लिखाण आपल्या रीडरमध्ये घेईल. मुलांची नावं आणि चेहरे मात्र त्यावर टाकू नकोस, आणि आधी मुख्याध्यापकांना विचार.

रविवारी येशील तेव्हा मोबाइल घेऊन ये, भूकंपाची फीड आपण बसून जोडू. आणि अकलूजला जाशील तर जगाचा मोठा नकाशा आण, राजकीय नको, प्राकृतिक आण, अक्षांश-रेखांश ठसठशीत छापलेला.