भिंत बुजवण्याआधी

नवघर रोडवरच्या आमच्या घरात शेजारचा फ्लॅट जोडून घेतला, तेव्हा सेट-टॉप बॉक्स हॉलच्या कपाटात राहिला आणि मोठा टीव्ही पलीकडच्या खोलीत गेला. दोन्हींमध्ये एकच भिंत, पण वायर छताला चढून, दारावरून वळून खाली उतरायची, म्हणजे झाले १५ मीटर. दुकानदाराने सोनेरी टोकांची जाड एचडीएमआय वायर दिली, वायरमनने ती कन्सील केली, वर रंगही लागला. साधे चॅनेल झकास दिसले. फोर-के, ६० फ्रेम लावलं की मात्र पडद्यावर ठिपके चमकायचे, मग क्षणभर काळोख.

फुल एचडीला ६० फ्रेमवर सेकंदाला सुमारे ४.५ गिगाबिट लागतात, फोर-केला जवळपास १८, म्हणजे चौपट. वेग वाढेल तसा तांब्याच्या तारेत सिग्नल जास्त क्षीण होतो. म्हणून एकच वायर एकाला पुरते आणि दुसऱ्याला पुरत नाही. सोन्याच्या मुलाम्याने टोकं गंजत नाहीत, आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत तेवढा उपयोग आहे. अंतर त्याने वाढत नाही.

साध्या तांब्याच्या वायरवर फोर-के हवं असेल तर पाचेक मीटरच्या पुढे भरवसा धरू नका. तेवढ्यात भागत असेल तर ‘प्रीमियम हाय स्पीड’चं स्कॅन करता येणारं लेबल असलेली घ्या. त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय. तिला दिशा असते. एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. उलटी ओढली तर चित्रच येत नाही. आत काचेचे तंतू असतात, त्यामुळे काटकोनात मोडायची नाही. टीव्हीचा आवाज त्याच वायरने मागे साउंडबारकडे आणायचा असेल, तर ती सोय आहे का हे आधी विचारा.

तिसरा मार्ग कॅट-सिक्स या नेटवर्कच्या वायरचा, दोन्ही टोकांना एचडीएमआयचा सिग्नल तिच्यावरून नेणारे एचडीबेसटीचे डबे लावून. महाग पडतो, पण वायर आधी ओढून टोकं नंतर बसवता येतात, म्हणून अरुंद पाईप चालतो. फक्त वायर शुद्ध तांब्याची हवी. ब्लेडने तार खरवडून बघा. आत पांढरट निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, परत करा. विजेच्या वायरींच्या पाईपमध्ये हिला घालू देऊ नका.

कुठलीही घ्या, पण भिंतीत जाण्याआधी ती जमिनीवर पसरून, स्वतःच्याच बॉक्सला आणि टीव्हीला जोडून, पूर्ण फोर-केवर तासभर चालवा. दुकानातल्या छोट्या टीव्हीवरची चाचणी धरू नका. वायरमन घाई करेल, करू दे. गिलावा एक दिवस थांबला तरी चालतो, पण रंगवलेली भिंत फोडायचा खर्च वायरीच्या किमतीहून कितीतरी जास्त येतो.

एचडीएमआयचं टोक साधारण २ सेंटिमीटर रुंद असतं, २० मिलिमीटरच्या पाईपमधून ते जात नाही. ३२चा टाका, वळणावर एल्बोऐवजी लांब बेंड लावा आणि आत नायलॉनची एक दोरी सोडून ठेवायला सांगा.