जुन्या नाण्यांची प्रतवारी : आधी कायदा, मग ओळख, शेवटी किंमत

तंजावर–कुंभकोणम मार्गावरील पापनाशम हे कावेरीच्या सुपीक खोऱ्यातील तालुक्याचे गाव. येथील पालैवननाथर मंदिराजवळचे नायककालीन धान्यकोठार आजही पाहावयास मिळते. चोळ, नायक आणि त्यानंतर व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसले घराणे अशा अनेक सत्ता या भूमीने पाहिल्या. पूर्वेच्या किनाऱ्यावर नागपट्टणम येथे डच, तर तरंगमबाडी येथे १६२० ते १८४५ या काळात डॅनिश लोकांची वसाहत होती. या प्रत्येक सत्तेची नाणी या परिसरात फिरली. त्यामुळे येथील तमिळ घरांप्रमाणेच पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घरांच्या देवघरातही पाच-पंचवीस जुनी नाणी असणे स्वाभाविक आहे.

अलीकडे अशा नाण्यांची 'परदेशी कंपनीकडून ग्रेडिंग करून घ्यावी का?' अशी विचारणा ग्राहक बँकेत येऊन करू लागले आहेत. बँक नाण्यांचे मूल्यांकन करीत नाही. तथापि या व्यवहारात ग्राहकांचे हित कशात आहे, हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रतवारी म्हणजे काय?

नाणे अस्सल आहे की नाही आणि ते किती झिजले आहे, याचा त्रयस्थ तज्ज्ञाने दिलेला निर्णय म्हणजे प्रतवारी. विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ मध्ये आपल्या देशातील तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी १ ते ७० अशी गुणपद्धती मांडली. पुढे तिचाच विस्तार होऊन ती जगभर रूढ झाली. ६० ते ७० गुणांचे नाणे टांकसाळीतून निघाले तसे, न वापरलेले असते; ४० च्या आसपासचे थोडे झिजलेले, तर २० च्या आसपासचे बरेच हाताळलेले. १९८० च्या दशकात अमेरिकेत पीसीजीएस व एनजीसी या दोन कंपन्या स्थापन झाल्या. त्या नाणे तपासून ते मोहोरबंद पारदर्शक डबीत ठेवतात आणि डबीवर गुण व प्रमाणपत्र क्रमांक छापतात. दूरच्या खरेदीदारालाही विश्वास वाटावा, हा याचा मुख्य लाभ होय.

पहिला प्रश्न : नाण्याचे वय

येथे बहुतेकांना ठाऊक नसलेली एक बाब लक्षात घेतली पाहिजे. पुरावशेष व बहुमोल कलावस्तू अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षे वा त्याहून अधिक जुने नाणे हा 'पुरावशेष' ठरतो. केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था यांच्याखेरीज कोणासही पुरावशेष देशाबाहेर नेता वा पाठविता येत नाही. या गुन्ह्यास किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. 'विकावयास नव्हे, केवळ तपासणीस पाठविले' असे म्हटल्याने पाठवणीचे स्वरूप बदलत नाही.

ही मर्यादा दरवर्षी पुढे सरकते, हेही ध्यानात ठेवावे. पंचम जॉर्ज यांच्या चित्रातील हारावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाल्याने गाजलेला १९११ चा रुपया २०११ मध्ये या व्याख्येत आला. १९३९ चा रुपया मात्र २०३९ मध्ये येईल.

नाणे शेतात किंवा पाया खणताना सापडले असेल, तर भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. त्यात काय सापडले, कोठे व केव्हा, हे नमूद करावे लागते.

दुसरा प्रश्न : ओळख

जुने ते मौल्यवान, ही समजूत बरोबर नाही. दोन उदाहरणे पुरेशी आहेत. पहिल्या राजराज चोळाचे (इ.स. ९८५–१०१४) तांब्याचे नाणे पाहा. एका बाजूस उभी आकृती, दुसरीकडे बसलेली आकृती आणि नागरी लिपीत 'श्री राजराज'. हे नाणे हजार वर्षांचे असले, तरी ते विपुल प्रमाणात पाडले गेले आणि आजही पुष्कळ आढळते. त्यामुळे साध्या प्रतीच्या नाण्याची किंमत फारशी नसते. शिवाय ते परदेशी पाठविता येत नाही ते नाहीच. याउलट १९३९ चा चांदीचा रुपया शंभरीही न गाठलेला, पण अत्यंत दुर्मिळ. म्हणूनच त्याच्या बनावट प्रतींचा सुळसुळाट आहे. अशा नाण्याचे वजन प्रथम पाहावे. अस्सल रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो. वजन बरोबर भरले म्हणजे नाणे अस्सल ठरले असे नव्हे. परंतु वजनात मोठी तफावत असेल, तर पुढील खर्च टाळता येतो.

ओळख पटविण्यासाठी चेन्नईच्या एग्मोर येथील शासकीय संग्रहालयातील नाणेसंग्रह, नाशिकजवळील अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था किंवा मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे मौद्रिक संग्रहालय पाहणे उद्बोधक ठरेल.

तिसरा प्रश्न : स्थिती

सणासुदीला देवघरातील नाणी चिंच वा लिंबू लावून लखलखीत करण्याची आपली प्रथा आहे. पूजेच्या दृष्टीने ती योग्यच. मात्र अशा नाण्याचा मूळ पृष्ठभाग कायमचा नष्ट होतो. घासलेल्या, भोक पाडलेल्या किंवा पुतळ्यांच्या माळेसाठी अथवा तमिळ काशुमालेसाठी कडी जोडलेल्या नाण्यास कंपन्या बहुधा पूर्ण गुण-अंक देत नाहीत. नाणे अस्सल पण सदोष, एवढाच शेरा मिळतो. म्हणून ज्या नाण्याची प्रतवारी करावयाची, ते पुसूही नये. कडेने धरावे आणि पीव्हीसीविरहित पाकिटात ठेवावे.

पाठविण्यापूर्वीचा हिशेब

वरील तिन्ही कसोट्यांस नाणे उतरले, तरच खर्चाचा विचार करावा. प्रतवारीचे शुल्क, जाण्यायेण्याचा विमा, वाहतूक आणि नाणे परत येताना उद्भवणारी सीमाशुल्काची औपचारिकता, या सर्वांची बेरीज मांडावी. प्रतवारीमुळे किमतीत संभाव्य वाढ त्याहून स्पष्टपणे अधिक नसेल, तर नाणे घरीच राहू द्यावे. अनेक कुरिअर कंपन्या नाणी स्वीकारीत नाहीत. त्यामुळे नियम आधी विचारावेत. अर्जात वर्ष, टांकसाळ, मूल्यवर्ग व घोषित किंमत अचूक लिहावी. दोन्ही बाजूंची छायाचित्रे व वजनाची नोंद जवळ ठेवावी. प्रतवारी झालेले नाणे विकत घेताना प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या नोंदींशी ताडून पाहावा. कारण डब्याही बनावट निघतात.

दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली सूचना फसवणुकीबाबत. जुनी नाणी लाखो रुपयांना घेण्याचे आमिष दाखवून, रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरून, 'कर' किंवा 'कमिशन' आगाऊ मागणारे ठग आहेत. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जनतेस याबाबत सावध केले. आपण अशा व्यवहारात नाही व असे शुल्क कधीही मागत नाही, असे तिने स्पष्ट केले आहे.

दुसरी सूचना लॉकरबाबत. लॉकरमधील वस्तूंचा विमा बँक उतरवीत नाही. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर अशा प्रसंगी बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत मर्यादित आहे. मौल्यवान संग्रहाचा विमा ग्राहकाने स्वतंत्रपणे उतरविणे इष्ट.

थोडक्यात, प्रतवारी ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. बहुतेक घरांतील नाणी त्या पायरीपर्यंत पोहोचत नाहीत आणि त्यात खंत करण्याजोगे काही नाही. आजोबांनी जपलेले नाणे कोणत्या राजवटीचे, ते घरात कोठून आले, एवढे कागदावर लिहून नाण्यासोबत ठेवले, तर पुढील पिढीस त्या डबीवरील अंकापेक्षा अधिक काही मिळेल.