तेलाचा बोल्ट किती आवळावा?

तुमच्या घरी मोटारसायकल असेल, तर सकाळी ती हलवल्यावर खालच्या फरशीवर एकदा नजर टाका. रुपयाएवढा काळपट डाग दिसला, तर आजचा पाठ तुमच्यासाठीच आहे. दिसला नाही तरी वाचा. कारण तो डाग मी माझ्या हाताने, खरे म्हणजे माझ्या पायाने, कसा ओढवून घेतला ते सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी प्रात्यक्षिक परीक्षेचा बहिःस्थ परीक्षक म्हणून मी अंबाजोगाईहून बीडला निघालो होतो. आदल्या आठवड्यात गाडीचे तेल मी घरीच बदलले होते. तेल झिरपू नये म्हणून पान्यावर लोखंडी नळी चढवली आणि तिच्यावर पाय देऊन तळाचा बोल्ट आवळला. शेवटी तो जरा सैल फिरल्यासारखा वाटला, पण मी तिकडे लक्ष दिले नाही. केज गेले, नेकनूर गेले आणि मांजरसुंब्याच्या अलीकडे इंजिनातून खडखड ऐकू येऊ लागली. गाडी बंद करून वाकून पाहिले, तर बोल्ट लोंबकळत होता आणि तेल मागच्या टायरपर्यंत उडाले होते. घाटाच्या वळणावर तो टायर घसरला असता, तर हा लेख लिहायला मी उरलो नसतो. बीडला पहिल्या तुकडीची मुले दोन तास ताटकळली. मिस्त्रीने बोल्ट हातात घेतला. त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची तार गुंडाळल्यासारखी अडकली होती. "सर, पाना हातानं फिरवायचा असतो, पायानं नाही," एवढेच तो म्हणाला. मी भौतिकशास्त्र शिकवतो हे त्याला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

या तेलाचे काम काय? इंजिनाची गती आधी क्लचकडे जाते, मग गिअरकडे आणि शेवटी मागच्या चाकाकडे. इंजिन ते क्लच या पहिल्या टप्प्याला 'प्रायमरी' म्हणतात. 1955 पासून मद्रासला जुळणी सुरू झालेल्या बुलेटच्या जुन्या इंजिनात प्रायमरीची साखळी आणि क्लच एका वेगळ्या पेटीत असत. त्या पेटीचे तेलही वेगळे, अर्ध्या लिटरच्या आत. आज आपल्याकडे गावोगाव दिसणाऱ्या शंभर-सव्वाशे सी.सी.च्या गाड्यांत मात्र इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात भिजतात. म्हणून तळाचा एक बोल्ट सुटला की तिघांचेही तेल जाते. क्लचच्या चकत्या तेलात बुडूनही एकमेकींना धरून ठेवतात, ही गंमतच आहे. त्यामुळे मोटारगाडीचे 'जास्त गुळगुळीत' तेल इथे चालत नाही. चकत्या घसरू लागतात. डब्यावर 'जासो एम.ए.' हा शिक्का पाहून घ्यावा.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. तेल थांबवते कोण? आटे थांबवतात असा बहुतेकांचा समज असतो, माझाही होता. पण आट्यांमध्ये बारीक फट असतेच, नाहीतर बोल्ट फिरलाच नसता. 12 मिलिमीटर व्यासाच्या बोल्टाचा एक फेरा सुमारे 38 मिलिमीटरचा. असे आठ फेरे धरले तर ती फट म्हणजे 30 सेंटिमीटर लांबीची गोल गोल उतरणारी वाटच. थंड तेलाला तिच्यातून यायला वेळ लागतो. पण 100 अंश सेल्सिअसला तेल 40 अंशांच्या मानाने सातआठ पट पातळ होते आणि सुखाने खाली येते. त्याला अडवतो तो बोल्टाच्या डोक्याखालचा वॉशर.

तेल किती जोराने ढकलते ते पाहा. बोल्टावर तेलाची खोली 10 सेंटिमीटर असेल, तर दाब वातावरणाच्या दाबाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. बोल्टाच्या टोकावर एकूण बल भरते सुमारे 10 ग्रॅम वजनाइतके! एवढ्याला अडवायला मी पाय दिला होता.

उलट बाजूचा हिशेब करू. 20 सेंटिमीटरच्या पान्यावर 12 किलोग्रॅम वजनाइतका जोर हाताने लावला, तर बलाचे आघूर्ण सुमारे 24 न्यूटन-मीटर होते. एका फेऱ्यात असा बोल्ट दीड मिलिमीटर पुढे सरकतो. घर्षण नसते, तर उतरणीच्या नियमाने त्याने वॉशरला सुमारे 10 टनांनी दाबले असते. प्रत्यक्षात साधारण 1 टन मिळतो. नऊ दशांश श्रम आट्यांतल्या आणि डोक्याखालच्या घर्षणात जातात. हे नुकसान समजू नका. ज्या यंत्रात निम्म्याहून जास्त कार्य घर्षणात जाते ते उलटे फिरत नाही. म्हणूनच भार सोडला तरी बोल्ट आपोआप सुटत नाही. माझ्या नळीने हाच भार पाच टनांच्या घरात नेला. पोलादी बोल्ट कदाचित टिकला असता, पण ॲल्युमिनियमच्या आट्यांना तो पेलला नाही.

आता तो 1 टन वॉशरवर पसरवा. आतला व्यास 12 आणि बाहेरचा 20 मिलिमीटर धरला, तर क्षेत्रफळ सुमारे 200 चौरस मिलिमीटर आणि दाब वातावरणाच्या सुमारे 500 पट. मऊ तांबे एवढ्या दाबाला नमू लागते. इंजिनाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे जे ओरखडे असतात, त्यांत ते शिरते आणि वाट बंद होते. पण एकदा दबलेले तांबे कठीण होते. पुढच्या वेळी तेवढ्याच दाबाला ते नमत नाही आणि तेल झिरपते. मग माणूस काय करतो? आणखी आवळतो! आटे जाण्याची सुरुवात इथेच होते.

उपाय दोन. नवा वॉशर घालावा, तो अगदी स्वस्त असतो. किंवा जुना मऊ करावा. वॉशर चिमट्यात धरून मंद लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात टाकायचा. पोलाद असे विझवले तर कठीण होते, तांबे मात्र मऊच राहते. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर भांडे ठोकता ठोकता मधेच पुन्हा भट्टीत घालतात ते याचसाठी. शाळेत हे शिक्षकांच्या देखरेखीखाली करून पाहा. तांब्याची जाड तार दहा-बारा वेळा वाकवा. ती हट्टी होत जाते. तापवून विझवा, पुन्हा सुतासारखी वळते. शिवणाची सुई मात्र लाल करून विझवली, तर वाकवताना कटकन मोडते. डोळे सांभाळा.

तेल बदलताना इंजिन पाच मिनिटे चालवून तेल कोमट करावे, गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी आणि वरचे झाकण सैल करावे. गोडेतेलाच्या डब्याला दुसरे भोक का पाडतात, ते आठवा. तेल निथळले की बोल्टाची बसण्याची जागा आणि वॉशर स्वच्छ फडक्याने पुसावा. याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. आवळल्यावर बोल्ट ताणला जातो तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. आपल्याकडच्या धुळीतला वाळूचा एक कण त्याच्या दसपट जाड असू शकतो. पहिले तीन-चार फेरे बोटांनीच फिरवावेत. बोटांना फिरत नसेल, तर आटे तिरके लागले आहेत असे समजावे. मग आखूड पान्याने, एका हाताने आवळावे. कंपनीच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच पाळावा.

जुन्या बुलेटच्या पेटीचा न्याय वेगळा आहे. तिचे अख्खे झाकण मधल्या एका नटावर असते आणि कडेला रबराचे कडे. रबर तांब्यासारखे दबून राहत नाही, ते उसळून परत येते. म्हणून त्याला थोडाच दाब पुरतो. जास्त आवळले तर झाकणच वाकते आणि कडेने गळते. तेलही मापातच भरावे. जास्त झाले तर साखळी ते घुसळत राहते आणि क्लच नीट सुटत नाही.

काढलेले काळे तेल गटारीत किंवा बांधावर ओतू नका. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या जिल्ह्यात विहिरीचे पाणी नासवणे परवडणारे नाही. ते डब्यात भरून गॅरेजला द्या. तिथून ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाऊ शकते.

रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरा आणि सकाळी थेंब मोजा. साधारण 20 थेंबांचे एक मिलिलिटर होते. मिनिटाला एक थेंब गळत असेल, तर दिवसाला 72 मिलिलिटर. जुन्या बुलेटची अर्ध्या लिटरची पेटी किती दिवसांत कोरडी पडेल, ते तुम्हीच काढा.