रंगातून रक्तदोषाची ओळख

यवतमाळहून आर्णीमार्गे उमरखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर महागाव हे तालुक्याचे ठिकाण लागते. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष विदर्भाच्या ज्या पट्ट्यात आढळतो, त्यात यवतमाळ जिल्हा मोडतो. आई व वडील दोघेही या दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहकास स्वतःला सहसा त्रास होत नाही. म्हणूनच विवाहापूर्वी रक्त तपासून घ्यावे, असे त्यास सुचत नाही.

प्राथमिक तपासणीची प्रचलित रीत विद्राव्यतेची आहे. रक्ताचा थेंब विशिष्ट द्रावणात मिसळल्यावर ते गढूळ झाले, तर दोष आहे असे समजतात. परंतु वाहक आणि रुग्ण या दोघांचेही द्रावण गढूळच होते. सहा महिन्यांच्या आतील बालकाबाबत तर ही चाचणी भरवशाची नाही, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बरेच शिल्लक असते.

वास्तविक हा दोष एका अक्षराचा आहे. हिमोग्लोबिन घडविणाऱ्या जनुकात, म्हणजे डीएनएच्या धाग्यात, एके ठिकाणी ‘ए’ या घटकाऐवजी ‘टी’ येतो. हे अक्षर डोळ्यांना दिसावे कसे? येथे सोने उपयोगी पडते.

सराफाकडील सोने पिवळे असते. पण त्याचेच अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरले, तर पाणी माणकासारखे लाल दिसते. कण एकमेकांजवळ आले की तो रंग निळसर जांभळा होतो. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये अशा द्रावणांचा अभ्यास मांडला होता. १९९६ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मिर्किन, रॉबर्ट लेट्सिंगर व सहकाऱ्यांनी सुमारे १३ नॅनोमीटरच्या कणांना डीएनएचे आखूड धागे जोडले. या धाग्यांशी जुळणारा डीएनए द्रावणात आला, की तो कणांना एकत्र बांधतो आणि लाल रंग पालटतो. द्रावण तापविल्यास हे बंध सुटून लाली परत येते. एक अक्षर जरी चुकले असेल, तरी बंध कमी तापमानासच सुटतात. निरोगी व सदोष जनुकासाठी दोन निरनिराळी द्रावणे ठेवल्यास योग्य तापमानाला रुग्णाच्या बाबतीत एकच, तर वाहकाच्या बाबतीत दोन्ही निळी राहावीत, असे हे तत्त्व आहे.

अडचण एवढीच, की रक्ताच्या थेंबातील डीएनए रंग पालटण्यास पुरेसा नसतो. आधी त्याच्या प्रती वाढवाव्या लागतात. त्यासाठी यंत्र हवे, वीज हवी. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत देबज्योती चक्रवर्ती व सौविक मैती यांच्या गटाने सिकलसेलचे हेच एक अक्षर कागदी पट्टीवर ओळखून दाखविले. हीच पद्धत २०२० मध्ये कोरोनाच्या ‘फेलुदा’ चाचणीसाठी वापरण्यात आली. पट्टीवर उमटणारी रेघ सोन्याच्या कणांचीच होती; नाव मात्र सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचे!

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींच्या तपासणीचे लक्ष्य ठरविण्यात आले. गावातील शिबिरात ज्यांचे द्रावण गढूळ झाले, त्यांनी तेवढ्या अहवालावर न थांबता इलेक्ट्रोफोरेसिस अथवा एचपीएलसी ही पुढील तपासणी मागून घ्यावी. आपण वाहक की रुग्ण, हे तीत स्पष्ट होते.