ज्याने ऐकलं, त्याने लिहावं

धुळे

चि. अनिकेत,

एमडीसाठी तुझा नंबर मुंबईला लागला, घरात सगळे आनंदात आहेत. अभ्यासाबद्दल मी तुला काय सांगणार? जातीबद्दल मात्र सांगायचं आहे. आपल्या घरातल्या मुलांना जातीवरून कधी कोणी टोचून बोललं नाही, म्हणून हा विषय आपला नाही असं आपण धरून चालतो. तो तुझा आहे. वॉर्डात किंवा वसतिगृहात कोणाचा जातीवरून छळ होतो तेव्हा तो थांबवण्याचं बळ पुष्कळदा सोसणाऱ्याजवळ उरलेलंच नसतं. ते शेजारी उभं राहून ऐकणाऱ्याजवळ असतं.

आपल्या जळगावची डॉ. पायल तडवी तुला ठाऊक आहे. यावल, रावेर, चोपडा या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या तडवी भिल्ल समाजातली ही मुलगी मिरजेला एमबीबीएस झाली आणि २०१८ मध्ये मुंबईत नायर रुग्णालयाच्या टोपीवाला महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्र शिकायला गेली. २२ मे २०१९ रोजी वसतिगृहात तिने आयुष्य संपवलं. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवेल, तो माझा अधिकार नाही. पण आरोप काय आहेत ते नीट बघ. आरक्षणातून आली म्हणून टोमणे, व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांदेखत अपमान, आणि बाळंतपणं करू न देणं, शस्त्रक्रियेपासून लांब ठेवणं. या शेवटच्या आरोपापाशी मी थांबतो. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात पुस्तक थोडं आणि हात जास्त शिकतो, आणि कोणाच्या हाती कोणती केस द्यायची हे बरंचसं सीनियर ठरवतात. एखाद्या ज्युनियरला सहा महिने कागदपत्रांत आणि धावपळीत अडकवून ठेवलं, तर तिचा हात कच्चा राहणारच. मग तोच कच्चा हात दाखवून म्हणायचं, ‘बघा, कोट्यातून आलेल्यांना काही येत नाही.’ म्हणजे शिकू न देणारे आणि शिकली नाही म्हणणारे तेच. वरून हे शिस्तीसारखं दिसतं, म्हणून पाहणाऱ्यालाही अन्याय वाटत नाही.

तू म्हणशील, छत्तीस तासांची ड्यूटी आणि सीनियरची बोलणी सगळ्यांच्याच वाट्याला येतात, त्यात जात कुठून आली? ड्यूटी सगळ्यांना असते, खरं आहे. पण तुझी चूक झाली तर ती तुझी चूक असेल. आरक्षणातून आलेल्या ज्युनियरची चूक झाली की ती तिच्या समाजाची ठरते. तुला केस पेपर नीट भरायला सांगतील, तिला इथे येण्याचा हक्कच नव्हता असं सांगतील. हा फरक कानाला स्पष्ट कळतो. दिल्लीच्या एम्समधल्या अशाच तक्रारींची चौकशी सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये केली, तेव्हा छळामुळे दलित-आदिवासी विद्यार्थी वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर एकवटल्याचं समोर आलं होतं. तिथे तर देशातली निवडक हुशार मुलं शिकतात. हुशारीने जात जात नाही.

दुसरी शंका गैरवापराची. ॲट्रॉसिटी कायद्याचा दुरुपयोग होतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अटकेवर अटी घातल्या होत्या. संसदेने त्याच वर्षी कायदा दुरुस्त केला आणि २०१९ मध्ये न्यायालयानेही ते निर्देश मागे घेतले. तरी खोट्या तक्रारीची भीती तुला खरोखरच वाटत असेल, तर तिच्यावर सर्वांत चांगला उपाय प्रामाणिक साक्षीदार हाच आहे. जातीवरून केलेला अपमान या कायद्याखाली यायचा तर तो लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. ते ‘लोक’ म्हणजे तू. तू गप्प बसलास तर खरी तक्रारही खोटी ठरू शकते.

याशिवाय आपल्या राज्याचा रॅगिंगविरोधी कायदाही आहे, १९९९ चा. विद्यार्थीच नव्हे, पालक किंवा शिक्षकही लेखी तक्रार देऊ शकतात. संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, नाही केली तर त्यालाच गुन्ह्याला साहाय्य केल्याबद्दल जबाबदार धरता येतं. हे सगळं ‘लेखी’ या एका अटीवर उभं आहे. पायलच्या घरच्यांनी विभागात आधी सांगून पाहिलं होतं, असं ते सांगतात. तोंडी सांगितलेलं नाकारायला सोपं जातं. पुढे पायलच्या आई, आबेदा तडवी, हैदराबादला आयुष्य संपवलेल्या रोहित वेमुला या विद्यार्थ्याच्या आईबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेल्या, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाचे समतेचे २०१२ चे नियम असूनही ते पाळले जात नव्हते, असं त्यांचं म्हणणं.

तक्रार करणाऱ्याचं करिअर बिघडतं ही भीती खोटी नाही. परीक्षा, केसेस, शिफारस, सगळं पुष्कळदा ज्यांच्याविरुद्ध तक्रार असते त्यांच्याच हाती असतं. म्हणूनच एकट्या ज्युनियरवर ते ओझं टाकू नये. बॅचमधल्या चार-पाच जणांनी मिळून सही केली की कोणा एकाला वेचून त्रास देणं अवघड होतं. मात्र तिला विचारल्याशिवाय तिच्या नावाने काही करू नकोस. आधी तिच्याशी बोल, तिला एकटी पडू देऊ नकोस. ग्रुपवरचे मेसेज जपून ठेव. तारीख, वार, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं, एवढं त्याच दिवशी वहीत लिही. अर्ज दिलास की पोच घे, शिक्क्यासह. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे.

मुंबईला पोहोचलास की पहिल्या आठवड्यातच रॅगिंगविरोधी समितीवर कोण कोण आहे आणि समान संधी कक्ष कुठे बसतो ते शोध, आणि मला कळव.

तुझा,
काका