रक्तकर्करोग आणि नैसर्गिक मारक पेशी

कंग्राळी बुद्रुक व कंग्राळी खुर्द ही बेळगाव शहरालगतची गावे. या भागातील साठी-सत्तरी ओलांडलेला शेतकरी भातलावणीच्या दिवसांत ताप अंगावर काढतो, हे नित्याचेच आहे. अशा एखाद्या गृहस्थाच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्ततपासणी व्हावी आणि पांढऱ्या पेशी दर घन मिलिमीटरला चार ते अकरा हजारांऐवजी साठ हजार निघाव्यात, असे दीर्घकालीन लसिकापेशी रक्तकर्करोगात अनेकदा घडते. पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात, मग त्या वाढल्या तर बिघडले कोठे, असा प्रश्न घरच्या मंडळींना पडतो. प्रश्न रास्त आहे.

वाढलेल्या या पेशी एकाच बिघडलेल्या पेशीची संतती असतात. त्या दिसतात प्रौढ लसिकापेशींसारख्या. परंतु उपयुक्त प्रतिपिंडे त्यांच्याकडून निर्माण होत नाहीत, उलट निरोगी पेशींचे कामही मंदावते. हा विकार पाश्चात्त्य देशांच्या मानाने भारतात कमी आढळतो. त्याची गती बहुधा संथ असते. जोधपूर येथे जन्मलेले डॉ. कांती राय व त्यांचे अमेरिकेतील सहकारी यांनी १९७५ साली त्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या. आरंभीच्या पायरीवर पुष्कळ रुग्णांना औषध न देता केवळ देखरेखीखाली ठेवतात. याला हयगय समजण्याचे कारण नाही.

त्याच १९७५ च्या सुमारास स्वीडन व अमेरिका येथील संशोधकांना नैसर्गिक मारक पेशींचा शोध लागला. पूर्वओळख नसतानाही विषाणुग्रस्त व कर्कपेशींवर चाल करून जाणाऱ्या या पेशी रक्तातील लसिकापेशींत साधारणपणे शेकडा ५ ते १५ असतात. आपल्या पोटातील सूक्ष्म कणांमधून त्या दोन प्रकारची प्रथिने सोडतात. एक शत्रुपेशीच्या आवरणाला छिद्र पाडते, दुसरे आत शिरून तिचा नाश घडविते. त्यांचे बळ मोजण्याची जुनी रीत मोठी चतुर आहे. प्रयोगशाळेत वाढविलेल्या कर्कपेशींत किरणोत्सर्गी क्रोमियम भरावयाचे, त्यांना मारक पेशींसोबत सुमारे चार तास ठेवावयाचे आणि किती क्रोमियम बाहेर सांडले ते पाहावयाचे. जितके अधिक सांडले, तितका मारा प्रभावी. यासाठी काचपात्रात जिवंत पेशी वाढविण्याचे जे तंत्र लागते, त्याची प्रयोगशाळा डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात १९६० नंतरच्या दशकात उभारली होती.

या रक्तकर्करोगाच्या रुग्णांवर ही कसोटी लावली असता निष्कर्ष अनपेक्षित निघाला. मारक पेशींची संख्या घटलेली असतेच असे नाही, कित्येकदा ती वाढलेलीही असते. मारा मात्र दुबळा पडतो. के व झार्लिंग या अमेरिकन संशोधकांनी १९८४ मध्ये याचे एक कारण दाखविले. या पेशींत ते मारक कणच अपुरे होते. शिपाई पहाऱ्यावर हजर, पण काडतुसांची पेटी रिकामी! इंटरल्यूकिन-२ हे द्रव्य दिल्यावर प्रयोगशाळेत त्यांचे बळ पुन्हा वाढल्याचेही पुढे दिसून आले. अर्थात या पेशी मृत नसून निःशस्त्र केलेल्या असतात. कर्कपेशी रक्तात सोडत असलेली काही प्रथिने मारक पेशींच्या ग्राहकांवर जाऊन बसतात व त्यांना बधिर करतात, असे नंतरच्या अभ्यासांतून आढळले.

उपचारांशीही याचा संबंध आहे. रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड कर्कपेशीला चिकटून तिच्यावर जणू खूण करते. त्या खुणेवरून तिला मारण्याचे काम बऱ्याच अंशी मारक पेशींकडे येते. इब्रुटिनिब या गोळीमुळे मात्र या पेशींचा असा मारा मंदावतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणून औषधांची सांगड विचारपूर्वक घालावी लागते.

या विकारात रुग्णाला मोठा धोका असतो तो जंतुसंसर्गाचा. प्रतिपिंडे कमी, मारक पेशी दुबळ्या, इतर लसिकापेशीही क्षीण. त्यामुळे न्यूमोनिया होतो, नागीण उठते. नागिणीवर गेरू लावून आठवडा काढण्याची रीत अशा रुग्णाला महागात पडू शकते, कारण तिच्यावरील औषध पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुरू व्हावयास हवे. फ्लू व न्यूमोनियाच्या प्रतिबंधक लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात; जिवंत जंतूंपासून बनविलेल्या लसी टाळाव्यात. ताप आल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि गावातील डॉक्टर नवे असतील, तर रक्ताचा जुना अहवाल सोबत न्यावा.