न्हायचा वार कोणता?

अगं चिमणे, काल व्हिडिओ कॉलवर ओढणी डोक्यावरून घेऊन बसलीस तेव्हाच ओळखलं मी. थंडी वाजतेय म्हणालीस. मे महिन्यात? वाघोलीत? डोकं तेलकट झालंय आणि दाखवायची लाज वाटतेय, हे सरळ सांगायचं की. माझ्यापासून काय लपवतेस, तुझ्या उवा काढल्यात मी.

नंतर रात्री तुझा तो लांबलचक निरोप वाचला. सकाळी न्हाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी केस चप्प. रूममेट म्हणते, आठवड्यातून एकदाच धू, म्हणजे डोक्याला कमी तेल सोडायची सवय लागेल. आई म्हणते, सारखी धुशील तर टक्कल पडेल. आणि तू दोघींचं ऐकून मधल्या मध्ये खाजवत बसली आहेस.

रूममेटचं म्हणणं आधी निकालात काढू, कारण तो प्रयोग माझा करून झालाय. मुंबईत पहिली नोकरी लागली तेव्हा कुठेतरी वाचलं आणि ठरवलं, आता फक्त रविवारी न्हायचं. सहा आठवडे नेटाने केलं. तिसऱ्या दिवशी वास यायला लागायचा, पाचव्या दिवशी खाज. लोकलच्या बायकांच्या डब्यात मागे उभ्या असलेल्या बाईने एकदा स्वतःचा पदर नाकाला लावला. तो माझ्यामुळे लावला की माशांच्या टोपलीमुळे, हे मी आजतागायत ठरवू शकलेले नाही. सातव्या आठवड्यात काळ्या कुडत्याच्या खांद्यांवर कोंडा पडलेला दिसला आणि मी मुकाट्याने डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या हसल्या. म्हणाल्या, सवय कुणाला लावताय? त्या ग्रंथींना तुमच्या शॅम्पूचं वेळापत्रक कळत नाही.

गोष्ट अशी आहे. प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलाची बारीकशी ग्रंथी असते. ती किती तेल सोडणार हे मुख्यतः शरीरातले हार्मोन ठरवतात. अँड्रोजेन म्हणतात त्यांना, पुरुषांत जास्त असतात, पण आपल्यातही असतात. वयात येताना त्या ग्रंथी जाग्या होतात, तारुण्यात जोरात असतात, आणि बायकांची पाळी गेली की ओसरतात. आता आईचं डोकं आठव. चार दिवस न धुता कोरडं ठणठणीत. ती तिच्या डोक्यावरून तुझ्या डोक्याचा हिशेब करते, तिथे गणित चुकतं. तिचं आत्ताचं डोकं पंचावन्न वर्षांचं आहे, तुझं वीस.

आणि एक साधी गोष्ट मला उत्तर देऊन सांग. नाक तेलकट झालं की तू तोंड धुतेस ना? का आठवडाभर थांबून नाकाला सवय लावतेस? केसांखालची त्वचा ही कपाळाचीच पुढची जमीन आहे, फक्त तिच्यावर पीक उभं आहे. आपण पिकाकडे बघतो आणि जमीन विसरतो.

धुवायचं टाळलं की काय होतं, तेही ऐक. आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर एक सूक्ष्म बुरशी राहते, मॅलासेझिया. १८७४ साली मॅलासे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोंड्यात ती पाहिली, म्हणून त्याचं नाव तिला चिकटलं. घाबरू नकोस, ती माझ्याही डोक्यावर आहे आणि तुझ्या त्या रेशमी केसांच्या रूममेटच्याही. पण तिचं पोट डोक्याच्या तेलावर भरतं. तेल खाऊन ती जी आम्लं मागे सोडते, त्यातलं ओलेइक आम्ल काहीजणींच्या त्वचेला झोंबतं. मग खाज, मग कोंडा. आठवडाभर न धुणं म्हणजे तिच्यासाठी पंगत मांडणं. त्यात आई फोनवरून सांगते, कोंडा झालाय तर कोमट तेल चोळ. म्हणजे पंगतीत पुन्हा वाढपी फिरला.

आईला हे सांगशील तर ती आजीचा दाखला देईल, म्हणून तयार राहा. आजीचे केस गुडघ्यापर्यंत होते आणि ती आठवड्यातून एकदाच न्हायची, हे खरं आहे. पण तिच्या न्हाण्याचा घाट आठव की! आदल्या रात्री तेल. पहाटे शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा पातेल्यात उकळायला. विहिरीचं पाणी शेंदून बंबात, बंबाला लाकडं. घरात न्हाणाऱ्या पाच बायका. मग अंगणात पाठ उन्हाला करून केस वाळवत बसायचं, तेवढा वेळ स्वयंपाक खोळंबला. हे रोज कसं जमणार? वरून बुधवारी न्हायचं नाही, भाऊ आहे म्हणून. शनिवारी नाही. अमावस्येला नाही. उरलेल्या वारांत सासूबाईंचा उपास नसेल तो वार. आठवड्यातून एकदा हा नियम शास्त्राने नाही घातला, सरपणाने घातला. तुझ्या खोलीत गीझर आहे.

(शिकेकाई वाईट नाही हं. तिच्यातही फेस करणारं, तेल सोडवणारं द्रव्य असतंच. डोळ्यात गेली तर मात्र आजी आठवते, तिच्या सगळ्या शिव्यांसकट.)

मग टकलाचं काय? आईची भीती कुठून येते ते मला माहीत आहे, ती मोरीच्या जाळीवरून येते. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि रोजचे ५० ते १०० गळतातच, धू किंवा नको धू. रोज न्हालीस तर ते थोडे थोडे जातात. पाच दिवस वेणी घट्ट बांधून ठेवलीस तर गळलेले केस त्या वेणीतच अडकून राहतात, आणि रविवारी सगळे एकदम जाळीवर दिसतात. आई तो पुंजका बघते आणि म्हणते, बघ, धुतलं की गळतात. ते केव्हाच गळलेले होते गं. धुण्याने फक्त मोजदाद केली.

म्हणून रोज खसाखसा घास असं मी म्हणत नाही. इथे एक मजेदार हिशेब आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. तुझी वेणी कमरेपर्यंत, धर ६० सेंटीमीटर. म्हणजे तिची टोकं पाच वर्षांची. ती टोकं तुझ्याबरोबर दहावीची परीक्षा देऊन आलीत, त्यांनी बारावीही बघितली, मावशीच्या लग्नात गरम इस्त्रीही सोसली. आणि मुळाशी असलेला केस गेल्या आठवड्यातला. दोघांना एकच वागणूक कशी देशील? आजीचं नऊवारी आणि तुझी जीन्स तू एकत्र धोपटतेस का?

तेव्हा शॅम्पू डोक्याला, केसांना नाही. मगमध्ये थोड्या पाण्यात तो पातळ कर, भांग पाडून पाडून मुळाशी घाल, बोटांच्या पेरांनी चोळ. नखांनी नाही, खाज कितीही येवो. कानामागे आणि मानेवरच्या बारीक केसांत चोळायला तूच काय, सगळ्याच जणी विसरतात. टोकांना वेगळा शॅम्पू लावायचा नाही, खाली वाहत जाणारा फेस त्यांना पुरतो. डोकं फार तेलकट असेल तर पहिल्यांदा फेसच येत नाही, दुसऱ्यांदा येतो. घाबरून बाटली ओतू नकोस, थोडंसं दोनदा लाव. कंडिशनर फक्त कानाखालच्या केसांना. माझी शंका आहे की तू तो मुळांपासून थापतेस, आणि मग दुपारी चप्प होण्याचं खापर बिचाऱ्या ग्रंथींवर फोडतेस. तुमच्याकडे टँकरचं जड पाणी येतं, साबण लावला तर केसांवर त्याची राप बसते, त्यामुळे अंगाच्या साबणाने डोकं धुवायचा शॉर्टकट बंद. पाणी कोमट. ओले केस कच्चे असतात, ताणले की तुटतात. तेव्हा विंचरायची घाई नको आणि जाड टॉवेलने झटकणंही नको. बाबांचा जुना सुती पंचा मी तुझ्या बॅगेत टाकला होता, तो यासाठीच. तू त्याने खिडकी पुसतेस, मला दिसलं काल.

आता तेल. तू म्हणशील ताईने तेलाला पण नाही म्हटलं. नाही म्हटलं नाही, जागा बदलली. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल केसांवर लावून पाहिलं. धुण्याआधी लावा की नंतर, केसातलं प्रथिन कमी झिजलं ते फक्त खोबरेलाने, कारण ते केसाच्या आत शिरतं. आता मॅरिको म्हणजे पॅराशूटवाले, त्यामुळे तू भुवया उंचावशील. उंचाव. पण तो निष्कर्ष त्यांच्यापुरता राहिला नाही, बाकीचे अभ्यासकही तो मानतात. न्हायच्या आधी दोनेक तास अर्धा चमचा खोबरेल टोकांना आणि मधल्या लांबीला लाव. मुळाशी नको, तिथे तुझी स्वतःची गिरणी चालू आहे.

तसाच दुसऱ्या बाजूचाही एक अभ्यास आहे, २०२१ सालचा, आशियाई लोकांवरचा. त्यात आठवड्यातून पाच-सहा वेळा केस धुणारे आपल्या केसांवर आणि डोक्यावर सगळ्यात समाधानी होते, आणि जास्त धुण्याने केसांची हानी झाल्याचं दिसलं नाही. ते संशोधन करणाऱ्यांत शॅम्पू बनवणाऱ्या कंपनीचे लोक होते. म्हणजे तेलवाले म्हणतात तेल लावा, शॅम्पूवाले म्हणतात धुवा. दोघांचा गल्ला मनात धरूनच वाचायचं. पण डॉक्टरीणबाई काहीच विकत नव्हत्या, आणि तेलकट डोकं असेल तर रोज धुतलं तरी चालेल, हे त्यांनीही सांगितलं.

तुझ्यासाठी किती? मी वार ठरवून देणार नाही, तो उद्योग आजीचा. आधी दोन-तीन आठवडे एक दिवसाआड धू, सौम्य शॅम्पूने. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भांगात बोटाचं पेर फिरव आणि बघ. चकाकतंय, चिकटतंय, आणि खाज येतेय? मग रोज धू, बिनधास्त. नुसतं चकाकतंय, खाज नाही, आणि तुला काही वाटत नाही? मग राहू दे. मे महिन्यात रोज लागेल, डिसेंबरात तिसऱ्या दिवशीही चालेल. पाळीच्या आधीचे चार दिवस काहींचं डोकं जास्त तेलकट होतं, माझं होतं. नुसता घाम आला असेल तर नुसतं पाणी पुरतं, दरवेळी शॅम्पू कशाला. आणि रूममेटशी तुलना थांबव. तिचे केस कुरळे, तिचं तेल वळणावळणाच्या घाटातून उतरतं, आठवडाभर टोकाला पोचत नाही. तुझे सरळ आणि बारीक, तुझ्याकडे एक्स्प्रेसवे आहे. दोघींची मुळं कदाचित सारखंच तेल सोडत असतील.

सबमिशनच्या दिवशी वेळच नसेल तर भांगाला चिमूटभर टाल्कम लावून विंचर, एक दिवस निभावतं. पण ते तेल शोषणं आहे, धुणं नाही. सलग तीन दिवस केलंस तर डोक्यावर पिठलं होतं. आणि तो खाण्याचा सोडा आणि लिंबू लावायचा व्हिडिओ मला पुन्हा पाठवू नकोस. सोड्याने केसांचे खवले उघडे पडतात, केस राठ होतात. लिंबू पोह्यांवर पिळ.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे विचारते. फक्त तेल आहे, की पिवळसर चिकट खपल्या आहेत, खाली त्वचा लाल आहे? तसं असेल तर साध्या शॅम्पूने भागत नाही. केटोकोनाझोलचा दोन टक्केवाला शॅम्पू डॉक्टर देतात, आठवड्यातून दोनदा. लावून तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, आणि हीच पाच मिनिटं सगळे गाळतात. दुसरं, हे तेल अचानक वाढलंय का? सोबत मुरुमं, हनुवटीवर जाड केस, भांग रुंद होणं, पाळी दोन-दोन महिने न येणं, असं काही असेल तर तो प्रश्न शॅम्पूचा नाही, पीसीओएसचा असू शकतो. तपासून घेऊ, मी येईन सोबत. आईला आधी सांगायची गरज नाही, रिपोर्ट हातात आल्यावर दोघी मिळून सांगू.

दिवाळीला घरी आलीस की पहिल्या अंघोळीला आई वाटीभर तेल घेऊन बसेल. बसू दे. तिला तेव्हा अँड्रोजेन समजावू नकोस, खाली मान घालून बस. दुपारी पुन्हा धू, ती झोपलेली असते.

बरं, उशीचा अभ्रा कधी बदललास? हेल्मेटच्या आतलं अस्तर? तो निळा कंगवा तर काल माझ्या डोळ्यांसमोर होता, दातांत करडी काजळी. स्वच्छ डोक्यावर तोच फिरवतेस ना? गरम पाण्यात थोडा शॅम्पू घालून दहा मिनिटं भिजत टाक, जुन्या टूथब्रशने घास. फोन ठेव, आधी ते कर.